चमत्कार पाहावा कोठे?

अतिमानवी नायकांचे, संगणकाने रचलेल्या दृश्यांनी भरलेले चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहावेत काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकापुरता एका संध्याकाळचा आहे. सिरोंच्याच्या शिक्षकाला वा कारकुनाला तो तेवढ्यावर भागत नाही. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. चंद्रपूर वा नागपूर गाठायचे तर एस. टी.चे भाडे, जेवणखाण आणि मुक्काम यांची भर तिकिटाच्या दरात पडते. काही महिन्यांनी तोच चित्रपट मोबाइलवर येणार असेल, तर चौघांच्या कुटुंबाने हा भुर्दंड का सोसावा?

हिशेब रास्त आहे, पण अपुरा आहे. मोबाइलवर कथा येते. भव्यता येत नाही. विशाल पडद्यासाठी रचलेले कोसळते नगर तळहातावर काड्यापेटीएवढे होते आणि सभागृहात चहूबाजूंनी घुमणारा ध्वनी क्षीण होऊन जातो. चमत्काराचा निम्मा प्राण त्याच्या आकारात असतो. उरलेला निम्मा कथेत असतो, हे दादासाहेब फाळके यांनी प्रारंभीच ओळखले होते. १९१७ च्या ‘लंकादहना’तील हनुमान आणि १९१९ च्या ‘कालियामर्दना’तील बालकृष्ण यांच्यासाठी त्यांनी छायाचित्रणाच्या नाना युक्त्या योजल्या, पण त्या युक्त्या प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याच्या कथांना वाहिलेल्या होत्या.

या दुसऱ्या निम्म्याची पारख झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला कोणी शिकवावी असे नाही. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने वडसा परिसरातील नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. पडद्यावरचे अरण्य रंगविलेले आहे, हे प्रेक्षक जाणतो. खरे अरण्य गावाच्या शिवेवर उभे असते. तरीही तो थंडीत पहाटेपर्यंत हलत नाही, कारण नाटकातल्या माणसाचे पुढे काय होते, याची त्याला काळजी लागलेली असते. याच रंगभूमीवर हयात वेचणारे परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले.

तेव्हा असा चित्रपट पाहायचाच झाला, तर चित्रपटगृहातच पाहावा. मात्र निवडून पाहावा. पहिल्याच दिवशी धाव घेण्याचे कारण नाही. आठवडाभर थांबावे आणि पाहून आलेल्या विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला, दृश्ये कशी होती, असे न विचारता, नायकाला काय गमवावे लागले, असे विचारावे. उत्तर चटकन आले, तर प्रवासाचा खर्च अवश्य करावा. तो नुसताच स्फोट मोजू लागला, तर ते पैसे मंडईतल्या नाटकासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.