माजी सैनिकाच्या पोराले मदत वाढली, अग्निवीराचं काय?

पुलगावात दारूगोळा डेपो असल्यानं आपल्या जिल्ह्याले फौज नवी नाही. हवालदार व त्याखालच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत मिळणारी शिक्षणमदत १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना १ हजारावरून २ हजार झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा.

पण पहाटे रस्त्यावर धावणारे आपले पोट्टे अग्निवीर होणार. सध्याच्या नियमानं चार वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर घरी येतील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे त्यांच्या लेकरांना ही मदतही नाही. हाती सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार. म्हणून पोट्टेहो, नोकरीत असतानाच इग्नूच्या पदवीले नाव टाका. प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक तिथं धरतात. पैसा सरते, पदवी राहते.