घरचा हिशेब : मंडळासाठी ‘कॅसिओ’ घेताना

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा वाडीच्या नमन मंडळात पेटी वाजवतो. आता मंडळाला स्टेजवरचा मोठा इलेक्ट्रिक पियानो हवा आहे, आणि तो घरच्या पैशातून घ्यावा असे मुलाचे म्हणणे आहे. काजूबीचे पैसे मात्र गोठ्याच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले आहेत. “नाही म्हटले तर पोर रुसते, हो म्हटले तर गुरे भिजतात. काय करावे?” असे ताई विचारतात.

ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीच्या घरचा नाही. नमन असो, जाखडी असो की हळदीचा ऑर्केस्ट्रा, कोकणात आज ‘कॅसिओ’वाचून पान हलत नाही. कंपनी कोणतीही असो, आपण म्हणतो कॅसिओच. म्हणून हे उत्तर सगळ्यांसाठीच लिहीत आहे.

आधी एक समजून घ्यावे. पेटीसुद्धा एके काळी नवखीच होती. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली घेतले. पुढे ती आपल्याकडे आली, मांडीशी घेऊन हाताने भाता ओढायची झाली आणि आपलीच होऊन गेली. तरीही तिच्यावर मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तिला दाराबाहेर ठेवले होते; ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. तेव्हा नवे वाद्य आले म्हणून नाक मुरडू नये. पण नवे म्हणून भुलूही नये.

दुकानात दोन जाती दिसतील. एक साधा की-बोर्ड. त्याला बहुधा ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके असतात. वजनाला हलका, आत स्पीकर, आणि पुष्कळांना सेलही चालतात. दुसरा स्टेज पियानो. त्याला बहुधा ८८ पट्ट्या. त्या खऱ्या पियानोसारख्या जड, खर्जाकडे अधिक जड. पियानोचा आवाज फार सुंदर, पण पुष्कळ स्टेज पियानोंना स्वतःचा स्पीकर नसतो आणि सेलवर ते सहसा चालत नाहीत. वजन दहा-बारा किलोंपासून पुढे. स्टँड आणि पेटारा वेगळा. मधला मार्ग म्हणून ७३ पट्ट्यांचेही मिळतात.

आता स्वतःला विचारावे, आपले काम काय? हातपेटीची सप्तके तीन-साडेतीन. गण-गवळणीत पाच सप्तकांपलीकडे बोटे जातात किती वेळा? वाद्य घेऊन पाखाडी चढायची, साकव ओलांडायचा, रात्री टेम्पोत मृदंगाशेजारी ठेवायचे. मुलगा पियानोच शिकत असेल, दोन्ही हातांनी वाजवत असेल, तर जड पट्ट्यांचे वाद्य घ्यावे. हलक्या पट्टीवर तो हात तयार होत नाही. नमनासाठी मात्र चांगला ६१ पट्ट्यांचा पुरे. पेटीवाल्या हाताला जड पट्टीवर जलद तान घेणे अवघडच जाते.

पट्ट्या मोजून झाल्या की चार गोष्टी पाहाव्यात. पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात दाबली तर मोठा येतो का? स्वर बदलण्याची सोय आहे का? म्हणजे गाणारा काळी दोनचा असो की गाणारी काळी पाचची, बोटे तीच राहतात. जुन्या पेटीशी किंचित वर-खाली जुळवता येतो का? आणि मींडेसाठी स्वर वाकवणारे चाक डाव्या बाजूला आहे का? पेटीला जे जमले नाही ते या चाकाने थोडेफार जमते. जुना घेत असाल तर प्रत्येक पट्टी एकेक करून, हळू आणि जोरात, वाजवून पाहावी. एखादी मुकी असेल किंवा एकदम ओरडत असेल, तर आतले रबर गेले असे समजावे.

विजेचे मात्र विसरू नये. आमच्या वाडीच्या मंडळात एका शिमग्याला गवळण रंगात आली असताना कुणीतरी दुसऱ्याच वाद्याचा ॲडॅप्टर जोडला. पिन बसली, पण व्होल्ट निराळे होते. वाद्य जे गप्प झाले ते कायमचे. ती रात्र जुन्या हातपेटीने तारली. तेव्हापासून आमच्या ॲडॅप्टरला लाल फीत बांधलेली असते आणि पेटी बरोबर असतेच. जनरेटर सुरू होऊन स्थिर झाल्यावरच वाद्य जोडावे. साउंडवाल्यापर्यंत वायर लांब जात असेल आणि घरघर येत असेल, तर त्याच्याकडून डीआय बॉक्स मागून घ्यावा.

पावसाळ्यात आपली दमट, खारी हवा या वाद्यांची वैरीण. वाद्य पुसून, कोरडे करून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून पेटाऱ्यात ठेवावे. चुलीजवळ नको आणि जमिनीवरही नको. उंदीर-मुंग्यांना आतली ऊब आवडते. अधूनमधून काढून वाजवावे.

आता पैशाचे. वाद्य मंडळाचे आणि पैसे एका घरचे, इथेच पुढे भांडण उभे राहते. मुलगा उद्या नोकरीला मुंबईला गेला तर वाद्य कोणाचे? फुटले तर भरायचे कोणी? म्हणून ताई, आधी एक हंगाम भाड्याने आणून वाजवू द्या. मन आणि हात टिकला तर मंडळाने वर्गणी काढावी, चाकरमान्यांनी हातभार लावावा, सुपारीच्या पैशातून थोडे बाजूला टाकावे. घरचे पैसे घालायचेच झाले, तर वहीत लिहून, सह्या घेऊन घालावेत. आपल्या माणसांत लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती पुढची गोडी राखण्याची तजवीज आहे.

आणि छप्पर? ते आधी घाला. गुरांना पाऊस थांबवता येत नाही, नमनाला मात्र शिमग्यापर्यंत वेळ आहे. पण मुलाला नुसते “नाही” म्हणू नका. त्याला जवळ बसवून हिशेब दाखवा, भाड्याचे वाद्य कधी आणायचे ते त्यालाच ठरवू द्या. पेटीवर बसणारे पोर घरात आहे ही काही लहान मिळकत नव्हे.