चढली का? की लागली कशी?

कोल्हापुरात बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘चिल्ड हाय का?’ आणि दुसरा, ‘चढली का?’ मटणाचं मात्र तसं नाही. कुठल्या खानावळीत तांबड्यात मिरची पुढे येते, कुठे पांढऱ्यात काजू जास्त पडलाय, यावर आम्ही रात्रभर भांडू शकतो. पण बिअर? ती संपवायची असते. तिथे चवीबिवीचा काय संबंध?

माझाही फंडा हाच होता. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारपर्यंत.

तर झालं असं, की एका असाइनमेंटसाठी मला पुण्याला जायचं होतं आणि माझ्या मावसभावाला भोसरीतून मशीनचा एक पार्ट आणायचा होता. दादाचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ‘चल, गाडीतनं सोडतो,’ म्हणाला. सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, तेही फुकट! मी कशाला नाही म्हणतेय? दोघांची कामं चारच्या आत आटोपली आणि तेवढ्यात माझ्या मास कॉमच्या बॅचमधल्या मैत्रिणीचा फोन. ‘आलीच आहेस तर दोन तास काढ. ब्रुअरी बारला जाऊ. टेस्टिंग करू!’

मी दादाकडे बघितलं. दादा पीत नाही. म्हणजे पूर्वी प्यायचा, जाम प्यायचा. दोन वर्षांपूर्वी बंद केली. ‘तुम्ही घ्या की, मी लिंबूसोडा घेतो. गाडी मलाच चालवायचीय,’ तो म्हणाला.

पुणं म्हणजे या प्रकाराचं महाराष्ट्रातलं माहेर. २००९ मध्ये इथे ‘डूलाली’ सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. या नावाची स्टोरी सही आहे. डूलाली म्हणजे नाशिकजवळचं आपलं देवळाली. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथल्या छावणीत महिनोन् महिने जहाजाची वाट बघत बसायचे. उकाडा, कंटाळा, काम काही नाही. मग एकेकाचं डोकं सरकायचं. त्याला ते म्हणायचे ‘डूलाली टॅप’. टॅप म्हणजे नळ नव्हे हं... आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट अशी आणखी नावं आली आणि वीकएंडचा पत्ताच बदलला.

आम्ही गेलो तिथे काचेपलीकडे स्टीलच्या चकचकीत टाक्या होत्या. दादा आधी तिकडेच गेला. वेल्डिंग बघायला! परत येऊन म्हणाला, ‘काम चांगलं केलंय.’

‘मी सँपलर घेतो,’ मी म्हटलं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोन माना वळल्या. (कोल्हापूरच्या मुली ‘घेतो’च म्हणतात. सवय करून घ्या.) लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. पिवळट, पांढुरका, तांबूस आणि एक चक्क काळा. बारमागचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आधी नाक, मग जीभ. आणि घाई नको.’

पहिली हेफेवाइझन. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, अर्धा किंवा त्याहून जास्त गहू. मी घोट घेतला आणि तज्ज्ञासारखं तोंड करून म्हटलं, ‘बिअरसारखी लागते.’ मैत्रीण म्हणाली, ‘फ्रूटी आहे.’ दादाने ग्लास उचलला, नाकाशी धरला आणि खाली ठेवला.

‘लवंग हाय यात. आणि पिकलेलं केळं.’

बारमागचा मुलगा बघतच राहिला. बरोबर होतं! गंमत म्हणजे त्यात ना लवंग असते, ना केळं. हे दोन्ही वास तयार करतं ते यीस्ट. गव्हा-बार्लीतली साखर खाऊन ते नुसतं अल्कोहोल करत नाही, जाता जाता असे वासही सोडून जातं.

दुसरी बेल्जियन विट. दादाने वास घेतला. ‘धने.’ पुन्हा बरोबर! या बिअरमध्ये खरोखरच धने आणि संत्र्याची साल टाकतात. आपण ज्याची फोडणीसाठी पूड करतो, ते बेल्जियममध्ये बिअरच्या भांड्यात पडतं.

तिसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया, पण जन्म इंग्लंडचा. आफ्रिकेला वळसा घालून जहाज इथे पोचायला कित्येक महिने लागायचे. जास्त हॉप्स घातलेली बिअर त्या प्रवासात टिकायची. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरचा कडवटपणा त्यांचाच. मी एक घोट घेतला आणि लहानपणीचं कारल्याचं पाणी आठवलं. दादा नुसता वासावर म्हणाला, ‘मोसंबीची साल सोलल्यावर बोटांना येतो तसा वास हाय.’

चौथा ग्लास काळा. स्टाउट. हा मात्र त्याने बराच वेळ हातात धरला.

‘ही काकवी,’ तो हळूच म्हणाला. ‘काहिलीच्या बुडाला लागलेली.’

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथेच पडीक. मला फक्त गरम गूळ खायचा असायचा. दादा मात्र गुळव्याशेजारी बसून रस आटताना वास कसा बदलतो ते बघायचा. आधी हिरवट, मग गोड, मग खमंग, आणि क्षणभर दुर्लक्ष झालं की करपट. चुलवाणावर रसाचं जे होतं, बरंचसं तेच भट्टीत भाजताना बार्लीचं होतं. उष्णता वाढते तशी ती सोनेरी, मग तपकिरी, मग काळी. त्या काळ्या बार्लीची ही स्टाउट. म्हणजे दादाने काही जादू केली नव्हती. तो फक्त आजोळी जाऊन आला होता.

आणि आपण चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाकाचाच असतो. सर्दी झाल्यावर पांढरा रस्सा पिऊन बघा, नुसतं गरम पाणी लागतं. टेबलावर चार ग्लास होते, पिणाऱ्या आम्ही दोघी, आणि सगळ्यात जास्त चव कळली ती एकही घोट न घेतलेल्या माणसाला!

मी म्हटलं, ‘दादा, एवढं सॉल्लिड नाक आहे तुझं. मग इतकी वर्षं प्यायचास, तेव्हा कधी काही बोलला नाहीस ते?’

तो हसला. ‘तवा वास कोण घेत हुतं? गाडीत बसून प्यायचो, पन्हाळा रोडला. घरात चालत न्हाई, बारमधी कोणतरी वळखीचा भेटतो. मग काय, कोण बघायच्या आत संपवायची. वेळ कमी, म्हणून स्ट्राँग.’

मग तो लिंबूसोड्यातला बर्फ ढवळत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘त्या रात्री बाईकची चावी मीच दिल्ती त्याला.’

आम्ही दोघी गप्प. तो कोणाबद्दल बोलत होता ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर दादाचा शाळेपासूनचा दोस्त गेला. घरात त्याचं नाव निघतं, पण चावीचं हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

परतीच्या वाटेवर मी तेच डोक्यात घोळवत होते. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते. का, याची उत्तरं बरीच असतील. पण एक उत्तर दादाने दिलं होतं: लपून पिणाऱ्याला घाई असते. मी तरी कुठे वेगळी होते? माझी पहिली बिअर पीजीच्या खोलीत, स्टीलच्या पेल्यातून, दहा मिनिटांत. वर टूथपेस्ट! कशी लागली? आजही सांगता येणार नाही.

ब्रुअरी बार म्हणजे काही देऊळ नव्हे. तिथेही लोक टल्ली होतात, वर खिसाही रिकामा होतो. आणि क्राफ्ट असली तरी दारू ती दारूच. पण त्या टेबलावर पहिल्यांदाच कोणी ‘चढली का’ विचारत नव्हतं. ‘कशाचा वास येतोय’ विचारत होतं. घाई नव्हती, म्हणून दोन वर्षं अडकलेलं एक वाक्यही बाहेर आलं.

कराडला चहाला थांबलो. दादाने कप नाकाशी धरला. ‘आलं जुनं हाय,’ म्हणाला. आणि चहावाल्याशी भांडायला गेला!

जाताय? मग एवढं बघा

• फिकटपासून सुरू करा, गडद आणि कडू शेवटी. आयपीए आधी घेतलीत तर पुढच्या सगळ्या पाणी लागतील.

• तिखटाबरोबर आयपीए नको. कडवटपणा आणि गॅस मिरचीला आणखी पेटवतात. गव्हाची बिअर बरी. आणि कधी जमलं तर पांढऱ्या रश्शाबरोबर करून बघा. दोन्हीकडे लवंग!

• छोटे ग्लास फसवतात. शंभर मिलीचे चार म्हणजे चारशे. मोजा.

• महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं. परमिटही लागतं.

• १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

• म्हणून पहिला ग्लास मागवायच्या आधी चावी कोणाकडे, ते ठरवा. आणि त्या माणसाला प्रत्येक ग्लासचा वास घ्यायला द्या. काय सांगावं, टेबलावरचं सगळ्यात तयार नाक त्याचंच असेल!