ट्रॅक पूर्ण झाला म्हणजे माल तयार झाला, असं नाही!

घरच्या घरी संगीत बनवणारे बरेच जण विचारतात, "स्टॉक म्युझिक लायब्ररीवर ट्रॅक टाकले तर पैसे येतात का?" येतात. पण माझं स्पष्ट मत आहे की नवीन ट्रॅक बनवण्याआधी हातातले ट्रॅक नीट पॅक करा. लोणचं कितीही चविष्ट असू द्या, बरणी, लेबल आणि एफएसएसएआय नंबर नसेल तर दुकानदार ते ठेवेल का? इथेही तसंच आहे.

आधी गिऱ्हाईक ओळखा. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे रसिक श्रोता नाही, तो आहे व्हिडिओ एडिटर. त्याला उद्या सकाळी 30 सेकंदांची जाहिरात द्यायची आहे. तुमचा 3 मिनिटांचा ट्रॅक कापत बसायला त्याला वेळ नाही. म्हणून मुख्य ट्रॅकसोबत 60, 30 आणि 15 सेकंदांचे तुकडे द्या, एक लूप द्या आणि मुख्य सुरावट काढलेली एक आवृत्ती द्या. निवेदकाच्या आवाजाखाली बासरी सतत वाजत राहिली तर बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही शेवटची आवृत्ती फार उपयोगी पडते. शेवटही ठाम करा. हळूहळू विरत जाणारा शेवट एडिटरला अडचणीचा ठरतो. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्येच काढा. एमपी3 ची वेव्ह केली म्हणून गेलेली क्वालिटी परत येत नाही.

दुसरी गोष्ट, नाव. "फायनल 3" नावाचा ट्रॅक कोण शोधणार? गिऱ्हाईक आधी शब्द टाइप करतं, मग ऐकतं. मूड, वेग, वाद्यं आणि कुठे वापरता येईल, हे सगळं इंग्रजीत लिहा. तुमच्याकडे संबळ किंवा हलगी असेल तर ते नाव लिहाच, पण सोबत "इंडियन फोक पर्कशन" हेही लिहा. परदेशातल्या एडिटरला हलगी माहीत नसते.

आता तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, कागद. ढोलकीवाल्या दादांना रोख पैसे दिले, चहा पाजला, विषय संपला? नाही! वाजवणाऱ्या कलाकारालाही कायद्याने हक्क असतात. रेकॉर्डिंगच्या दिवशीच साध्या भाषेत लेखी संमती घ्या, रक्कम लिहा आणि ट्रॅक विक्रीसाठी आहे हेही सांगा. त्यात त्यांचाही मान राहतो. विकत घेतलेल्या लूपचा परवाना वाचा. जुन्या गाण्याची चाल "कोण ओळखतंय" म्हणून घेऊ नका. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. लोकतालावर कुणाची मालकी नसते, पण दुसऱ्याने केलेलं त्याचं रेकॉर्डिंग तुमचं होत नाही.

अजून एक सापळा आहे. तोच ट्रॅक डिस्ट्रिब्युटरकडून यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवला, तर तुमच्याकडून परवाना विकत घेणाऱ्याच्याच व्हिडिओवर क्लेम येऊ शकतो. पैसे देऊन त्रास विकत घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा येईल का? तसंच, एका लायब्ररीला एक्सक्लुझिव्ह दिलेला ट्रॅक दुसरीकडे विकता येत नाही. सही करण्याआधी करार पूर्ण वाचा.

"एकदा अपलोड करा, झोपेत कमवा" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हा धंदा हळू चालतो आणि पहिली विक्री कधी होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण कागद पक्के असतील तर विकलेला माल अंगाशी येत नाही.

या आठवड्यात एवढंच करा. तुमचे सगळ्यात चांगले 10 ट्रॅक निवडा. प्रत्येकाचा एक फोल्डर करा आणि त्यात सगळ्या आवृत्त्या, माहितीचा तक्ता आणि संमतीपत्रं ठेवा. ज्या ट्रॅकचा कागद सापडणार नाही, तो कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवा. उरलेले घेऊन दुकान उघडा.