जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना

अलीकडे आमच्या बुवापाड्याच्या आसपास भंगारच्या दुकानांतून एक नवीन गिऱ्हाईक फिरायला लागलं आहे. त्याला लोखंड नको, पितळ नको. त्याला गंजलेला कंदील पाहिजे, रॉकेलचा जुना डबा पाहिजे, मोटारीचा रबरी फुग्याचा भोंगा पाहिजे. कशाला, तर फार्महाउसच्या पडवीत टांगायला. टांगा बापडे. माझी तक्रार टांगण्याबद्दल नाही, बोलण्याबद्दल आहे. पैसे मोजता मोजता म्हणतात, "काका, तेव्हाच्या वस्तू काय मजबूत होत्या! लोक प्रामाणिक होते. सगळं कसं स्वदेशी होतं." यातलं पहिलं अर्धवट आहे आणि उरलेली दोन साफ खोटी.

स्वदेशीचंच आधी बघू. रॉकेल हा शब्द आला रॉक ऑइलवरून, घासलेट आलं गॅसलाइटवरून. तेल यायचं बर्मातून, अमेरिकेतून, रशियातून. कंदील अमेरिकेच्या डीट्झचा. आणि काडेपेटी? ती तर आमच्या अंबरनाथची म्हणून लोक छाती फुगवतात. पण हकिगत अशी आहे. पूर्वी आगपेट्या स्वीडन आणि जपानमधून बोटीने यायच्या. १९२२ साली सरकारने त्यांच्यावर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली. स्वीडनवाल्यांनी धंदा सोडला नाही, कारखानाच जकातीच्या अलीकडे आणला. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली आणि अंबरनाथात विमको उभी राहिली. आजही रिक्षावाल्याला 'विमको नाका' एवढं म्हटलं की पुरतं. कारखान्याने इथल्या हातांना काम दिलं, ते कोण नाही म्हणतो? पण मालक स्वीडनचा होता.

याउलट शेजारच्या उल्हासनगरचं बघा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही चेष्टा करत आमची पिढी मोठी झाली. फाळणीत घरदार गेलेली माणसं कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत येऊन पडली आणि हाताला येईल तो माल बनवायला लागली. त्यांचा माल नकली म्हणून हसायचं, आणि स्वीडनच्या कंपनीची काडेपेटी मात्र आठवणीतली स्वदेशी! हा कुठला हिशोब?

खरं स्वदेशीही होतं. त्याची नावं या फार्महाउसवाल्यांच्या तोंडी क्वचितच येतात. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी ते घेईनात, पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. म्हणजे शेतकरीही काही फार शहाणा नव्हता.

प्रामाणिकपणाचं तर बोलूच नये. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती काढून बघा. एकाच बाटलीत खोकला, मूळव्याध, अशक्तपणा आणि विसराळूपणा, सगळं बरं होणार! आजा सांगायचा, दुकानदार घासलेटचं माप भरताना बोलण्यात असा गुंतवायचा की मापाकडे बघायचं राहून जायचं. आणि त्या चिमणीच्या उजेडात काय गोडी होती, ते आमच्या आजीला विचारायला हवं होतं. धुराने तिचे डोळे बारा महिने लाल. चिमणी कलंडून पेंढ्याच्या घराला आग लागायची, ती वेगळीच. वीज आली तेव्हा घरात पहिली ती रडली, आनंदाने. तो काळ परत नको मला.

मग मजबुतीत अर्धं खरं काय? तर ती वस्तू उघडता यायची. कंदिलाची काच फुटली तर नुसती काच मिळायची. वात संपली तर वात, बर्नर गेला तर बर्नर. नांगराचा फाळ झिजला तर फाळ बदलायचा, नांगर तोच. रॉकेलचा डबा चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा. तेल संपलं की त्याची खरी नोकरी सुरू व्हायची. वर दांडी ठोकली की पाण्याला, झाकण लावलं की तांदळाला. खालून गळायला लागला की पत्रेवाला डाग द्यायचा. डागानेही भागेना, की कापून नरसाळं, चिमणी, टमरेल, आणि उरलेला पत्रा कुडाच्या भोकाला. मोटारीचं टायर मोटारीचं थोडा वेळ, पुढे बैलगाडीला, आणि गुळगुळीत झालं की चांभाराकडे चपलांना. कंपनीने हे परोपकार म्हणून केलं नव्हतं. पण गावातल्या माणसाला स्क्रू फिरवायला तिने मनाईही केली नव्हती.

आता माझा बॅटरीवरचा फवारणी पंप. दुसऱ्या हंगामात बंद पडला. बॅटरी ठीक, मोटर ठीक, आतला सर्किटचा तुकडा गेला. दुकानदार म्हणाला, "सुटा पार्ट नाय येत काका, आख्खाच घ्या." तेव्हा भाताला तुडतुडा लागलेला. तुडतुड्याला आठ दिवस थांब म्हणून सांगता येतं का? शेजाऱ्याचा जुना हातपंप आणून फवारणी केली. आता हा नवा पंप भंगारात जाईल, पण तो कुणी पडवीत टांगणार नाही.

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती वस्तू आणि मोटारी अशी क्षेत्रं धरली, मग पोर्टलही काढलं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मला पोर्टल नको, तो तुकडा पाहिजे. पंप विकला त्या दिवसापासून दहा वर्षं त्याचा प्रत्येक भाग, किंमत छापून, तालुक्याच्या दुकानात मिळाला पाहिजे, नाही तर विकायची परवानगीच देऊ नये. कंपनी म्हणेल परवडत नाही. ओगल्यांना नुसती काच विकायला परवडत होतं.

सर्किटची ती डबी मी काढून ठेवली आहे. तिला चार स्क्रू आहेत, पण खाचा अशा की पाड्यातल्या एकाही मेकॅनिकचा पेचकस त्यात बसत नाही.