ईद सोमवारी की मंगळवारी?

येत्या रविवारी, ३० मार्चला, गुढीपाडवा आहे. त्याच संध्याकाळी शहरातल्या गच्च्यांवर लोक पश्चिमेकडे पाहत उभे राहतील. चंद्र दिसला तर सोमवारी रमजान ईद, नाही दिसला तर तीस रोजे पूर्ण करून मंगळवारी. पाडवा चैत्राच्या प्रतिपदेचा, ईद शव्वालच्या पहिल्या तारखेची. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या चंद्राला बांधलेले, म्हणून यंदा एकमेकांना खेटून आले आहेत. गेल्या वर्षीही पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. पुढच्या वर्षापर्यंत ही सोबत टिकेल. मग पंचांगातला अधिक मास पाडव्याला पुढे ढकलेल आणि ईद, हिजरी सनात अधिक मास नसल्याने, दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत राहील.

ज्या घरात ईदची दावत असते, तिथे या चंद्राने गृहिणीची परीक्षाच पाहिलेली असते. लग्नाची तारीख सहा महिने आधी ठरते, ईदच्या जेवणाची आदल्या रात्री. शेवया, खारीक, चारोळी, बदाम शहागंज नाहीतर सिटी चौकातून आठवडाभर आधी आणून ठेवता येतात. दूध ठेवता येत नाही. दूधवाल्याला आणि मटणवाल्याला एकच निरोप असतो, ‘चांद झाला की सांगतो,’ आणि त्या रात्री हाच निरोप त्यांना शेकडो घरांतून आलेला असतो. शिवाय या शहरात पाहुण्यांची संख्या नळावर ठरते. पैठणचे धरण पन्नासेक किलोमीटरवर, पण कित्येक वसाहतींत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते. चाळीस माणसांची भांडी घासायची तर टाकी कोणत्या दिवशी भरणार, हे आधी पाहावे लागते. म्हणून जाणते यजमान चंद्राच्या आधी टँकरवाल्याला गाठतात.

हे सगळे निभते. अडते ते आमंत्रणापाशी. ‘ईदला या हं’ हे वाक्य जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला म्हटले जाते, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की हे बोलावणे आहे की नुसती रीत. तो संकोचाने येत नाही, आणि इकडे शीरखुर्म्याचे पातेले रात्रीपर्यंत वाट पाहते. दोन्ही घरे मनातून थोडी दुखावतात आणि पुढच्या वर्षी मोबाईलवर चंद्रकोरीचे चित्र पाठवून मोकळी होतात. बोलवायचेच असेल तर दिवस, वेळ आणि बेत सांगावा. यंदा त्यात आणखी एक गोष्ट. ३१ मार्च हा हिशेबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस. बँकेत, कर सल्लागाराकडे, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा शेजारी दुपारी एकला येऊच शकणार नाही. त्याला रात्री आठला बोलवावे, आणि चंद्राने दगा दिला तर फोन करीन, हेही सांगून ठेवावे.

बेताबद्दल मोकळेपणा तर फारच कमी. पाहुणा शाकाहारी आहे का, हे विचारायला यजमान लाजतो. भांडी वेगळी आहेत का, हे विचारायला पाहुणा लाजतो. या दुहेरी तकल्लुफात कितीतरी लोक ‘उपास आहे’ म्हणून सरबतावर उठून गेले आहेत. यजमानानेच आधी सांगावे: शाकाहारी जेवण सकाळी आधी होईल, भांडी निराळी आहेत, नान खलियात बकऱ्याचे मटण आहे. पाहुण्याला विचारावे लागू नये, यात खरी मेहमाननवाजी आहे. नान खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादेत आला असे सांगतात. तो फौजेसाठी मोठ्या देगेत शिजवायचा पदार्थ, त्यामुळे घरच्या पातेल्यात त्याचा हट्ट न धरलेलाच बरा. शीरखुर्म्याला मात्र कुणाचीच हरकत नसते. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. फारसीतले शीर आणि संस्कृतातले क्षीर एकाच मुळातले, आणि आपली खीरही त्याच घरची.

आता ज्याबद्दल रमजानच्या पुरवण्यांत सहसा लिहिले जात नाही ते. महिनाभर रोजा ठेवून पहाटे तीनला सहेरीसाठी आणि दुपारपासून इफ्तारीसाठी चुलीपुढे उभी राहिलेली बाई ईदच्या दिवशी नमाजाची वेळ होण्याआधीच पुन्हा चुलीपुढे असते. घरचे पुरुष ईदगाहवरून येतात, गळाभेटी घेतात, आणि येताना सहा मित्र बरोबर आणतात. तिचे नवे कपडे संध्याकाळपर्यंत कपाटात असतात. दावतीचे कौतुक यजमानाला, कष्ट तिला. पाडव्याच्या पुरणाच्या घाण्यापाशी बसणाऱ्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पंधरा माणसे बोलवावीत, चाळीस नकोत. बदाम-खारका मुलग्यांनी चिराव्यात. भांड्यांना पुरुषांनी हात लावावा. रोजा जर संयम शिकवतो, तर तो आमंत्रणांच्या आकड्यातही दिसायला हरकत नाही.

दावतीआधीचे एक देणे राहून जाऊ नये. फितरा ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा असतो, घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेही. ढोबळमानाने पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत. गल्लीतल्या ज्या घरी ईदला चूल पेटणार नाही त्या घरासाठी तो आहे. चांदरातीला बाजारात फिरताना तो विसरला जातो आणि मग नमाजाच्या वाटेवर घाईने खिसे चाचपले जातात.

मोठ्या मंडपातल्या इफ्तार पार्ट्या यंदाही झाल्या, फोटो निघाले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, पण तिथे एका टेबलावर बसलेले दोघे एकमेकांचे घर पाहतातच असे नाही. आणि या महिन्यात घर पाहिलेले असणे फार मोलाचे ठरले. खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापले, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, आणि या शहराला २०२३ च्या रमजानमधली किराडपुऱ्याची रात्र आठवली. अशा दिवसांत ‘सगळे ठीक आहे ना?’ असा फोन मंडपातल्या ओळखीतून सहसा येत नाही. ज्याने कधी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाणी मागितले असेल, तो तसा फोन करतो. यंदा बोलवावे की नको, लोक येतील की नाही, असे काही घरांत पुटपुटले जात आहे. ज्यांनी गेल्या वर्षी बोलावले होते त्यांनी यंदा नक्की बोलवावे. एक वर्ष चुकले की पुढच्या वर्षी सुरुवात दुप्पट अवघड जाते. आणि ज्यांना बोलावणे येईल त्यांनी जावे. जमत नसेल तर स्पष्ट सांगावे, म्हणजे दूध कमी घेता येते.

रविवारी सकाळी शेजारून श्रीखंडाची वाटी येईल. ती रिकामी परत करायची नसते, हे दोन्ही घरांत ठाऊक आहे. धुऊन ओट्यावर ठेवावी. तिच्यात शीरखुर्मा सोमवारी पडणार की मंगळवारी, ते संध्याकाळी पावणेसातनंतर गच्चीवर कळेल.