‘तू नवी आहेस’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही



बाजारकुणंगच्या एका जुन्या घरातली सून दिवाळीनंतर काळीकाठच्या एका रिसॉर्टवर कामाला लागली. सकाळी स्वयंपाकघर, दुपारनंतर हिशोबाची वही. पाच महिने एक खाडा नाही. जूनअखेरीस बाळंतपण होते, म्हणून एप्रिल संपता संपता तिने पगारी रजा मागितली. मालक म्हणाले, “बाय, तू नवी आहेस. वर्ष भरलेल्यांनाच आम्ही देतो. बाळंत होऊन ये, जागा असली तर बघू.”

हेच उत्तर गोव्यात कामाला गेलेल्या आपल्या मुलीही ऐकून आल्या आहेत. म्हणून आम्ही विचारतो, वर्ष भरले पाहिजे हे लिहिले आहे कुठे?

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात पूर्वी 160 दिवसांची अट होती. 1988 च्या दुरुस्तीने ती 80 वर आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी 80 चे 80च राहिले. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेले असावे, एवढेच. पगारी सुट्ट्याही त्यात धरायच्या. म्हणजे जेमतेम तीन महिने! दिवस गेल्यानंतर नोकरीला लागलेली बाईसुद्धा या हिशोबात बसू शकते. आमच्या या सुनेचे 80 दिवस तर फेब्रुवारीतच भरून गेले होते.

तिला मिळायचे काय, तेही सांगतो. 26 आठवडे पगारी रजा, त्यांतले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाआधी. आधीची दोन मुले हयात असतील तर 12 आठवडे. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून 48 तासांत. या रजेत तिला कामावरून काढता येत नाही. आणि हे सारे नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला लेखी कळवणे 2017 पासून मालकावर बंधनकारक आहे. तालुक्यात असा कागद किती जणींच्या हाती पडला? आमच्या पाहण्यात एकही नाही.

मालक म्हणतील, आमचा धंदा लहान, पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही. दुकाने व आस्थापनांना हा नियम 10 माणसांपासून लागतो, हे खरे. पण मागच्या 12 महिन्यांत एखाद्या दिवशी जरी 10 जण कामावर असले, तरी तो लागतो. नाताळात पंधरा माणसे राबवायची आणि जूनमध्ये हजेरीपत्रकावर नऊ दाखवायची, ही हुशारी आम्हांला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, ती कायम नव्हे, रोजंदारीवर आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदार बायकांना हा लाभ द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच दिला. कंत्राटाची मुदत संपली म्हणून लाभ मध्येच तोडता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले.

दुसरी पळवाट म्हणजे “सरकार पाच हजार देते ना!” ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. जिला कायद्याने पगारी रजा मिळते, तिच्यासाठी ती नाहीच. स्वतःचे देणे सरकारी तिजोरीवर ढकलायचे आणि वर उपकाराची भाषा करायची!

आता थोडे आपल्याविषयी, कडू लागले तरी. हे मालक परके नाहीत. त्यांतले काही आपल्याच मंडळाच्या वार्षिक सभेत पुढच्या रांगेत बसतात. आणि घरातली मंडळी काय म्हणतात? “शेठशी वाकडे कशाला, जुने संबंध आहेत.” मुंबई इलाख्याच्या आठवणी काढताना आपले वडीलधारे थकत नाहीत. 1862 पासून 1956 पर्यंत हा कारवार जिल्हा त्या इलाख्यात होता, याचा आम्हांलाही अभिमान आहे. पण त्याच इलाख्याच्या कायदेमंडळात 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती आणि 1929 मध्ये तो कायदा झाला, हे मात्र कुणी सांगत नाही. गिरणीतल्या बाईला तेव्हा जे कायद्याने मिळाले, ते आज आपल्या सुनेने मागितले तर घराण्याला कमीपणा कसला? कच्ची बाळंतीण पैशासाठी दीड महिन्यात चुलीपुढे उभी राहते, त्यात कमीपणा नाही काय?

आमची मागणी साधी आहे. मंडळाचे जे सभासद मालक आहेत, त्यांनी येत्या सभेला आपल्याकडची नेमणूकपत्रे घेऊन यावे. त्यात बाळंतपणाच्या रजेची ओळ आहे की नाही, ते सर्वांसमक्ष वाचू. नसेल तर तिथेच लिहून घेऊ.

सुनेने अर्ज मराठीत लिहिला आहे. तो कन्नडमध्ये उतरवून एक प्रत मालकाला आणि एक कारवारच्या कामगार कार्यालयात पोहोचवण्याचे काम मंडळाने अंगावर घेतले आहे. मालकांचे जे उत्तर येईल, ते पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू.